चावली तरी खाज का नाही आली?

मागच्या अंकात गुरांच्या अंगावरच्या गोचिडींबद्दल दोन-चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यावर पत्रं आली ती निम्मी अमेरिकेतून. तिकडच्या आपल्या माणसांना गोचीड म्हटलं की लाईम (गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूचा आजार) आठवतो, आणि पत्रांमधली काळजी खरी आहे. म्हणून यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. मी जनावरांची डॉक्टर आहे, माणसांना औषध लिहून देणं माझं काम नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मे महिन्यात रविवारी दुपारी ट्रेलवर गेलो होतो. मंगळवारी रात्री मुलाला (वय 6) अंघोळ घालताना गुडघ्याच्या मागे काळा ठिपका दिसला, मला वाटलं तीळ असेल, नखाने खरवडला तर त्याला पाय! मुलाला काहीच जाणवलं नव्हतं, खाज नाही, दुखणं नाही. डास चावला तर हाच मुलगा घर डोक्यावर घेतो. मग दोन दिवस ही चिकटून बसली तरी कळलं कसं नाही? आणि तिच्या लाळेतूनच लाईम होतो हे खरं का?

ताई, आधी कामाचं सांगते. रविवार दुपार ते मंगळवार रात्र म्हणजे 48 तासांच्या वर झाले, हा वेळ कमी नाही. 36 तास किंवा जास्त चिकटलेली असेल आणि भाग लाईमचा असेल, तर तिकडचे डॉक्टर गोचीड काढल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा एकच डोस देण्याचा विचार करतात, वय-वजन बघून. तुमचं पत्र माझ्यापर्यंत येईस्तोवर ती मुदत गेली असणार, म्हणून आता महिनाभर त्याच्याकडे लक्ष ठेवा. लाईमचा चट्टा साधारण 3 ते 30 दिवसांत उठतो आणि हळूहळू पसरत मोठा होतो, सोबत ताप, अंगदुखी, मान आखडणं, थकवा असं येऊ शकतं. आणि हे मुद्दाम लिहितेय: सगळीकडे फोटो असतात ते गोऱ्या कातडीवरचे, लालबुंद गोल, मधे पांढरट. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसेलच असं नाही, काळपट-जांभळट, मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो, त्यामुळे सावळ्या लोकांचं निदान उशिरा होतं. तो गोल आकार सगळ्यांना येतोच असंही नाही, आणि काहींना तर चट्टाच उठत नाही. काही वाटलं तर डॉक्टरांना गोचिडीचं आपणहून सांगा, कारण पहिल्या काही आठवड्यांत रक्ताची टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो.

आता कळलं का नाही ते. डास येतो, दोन मिनिटांत पोट भरून उडून जातो, त्याला नंतर खाजलं काय नि नाही काय फरक पडत नाही. गोचिडीला मात्र एकाच जागी तीन ते सात दिवस बसून राहायचंय, आणि तेवढ्या वेळात माणसाचा हात तिथे गेला तर ती मेलीच. त्यामुळे तिचं सगळं जगणं लाळेवर अवलंबून आहे. ती कातडीला दोन बारीक करवतींनी चीर पाडते, मधला काटेरी दांडा आत घालते, मग थोडं रक्त ओढायचं, थोडी लाळ सोडायची, परत ओढायचं, परत सोडायची, असं दिवसेंदिवस चालतं, आणि दोन्ही एकाच नळीतून. त्या लाळेत रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात, रक्तवाहिन्या रुंद करणारे असतात, आणि ब्रॅडिकिनिन नावाचा आपल्या शरीरातला दुखण्याचा निरोप देणारा जो पदार्थ आहे तो मोडून टाकणारं एन्झाइमही असतं. काही जातींच्या लाळेत तर खाज आणणाऱ्या हिस्टामिनला पकडून ठेवणारी प्रथिनं सापडलीत. म्हणजे मुलाला कळलं नाही यात तुमचा हलगर्जीपणा नाही ताई, त्याला कळू नये म्हणूनच ती लाळ तशी बनलेली आहे. शिवाय मे ते जुलैमध्ये चावते ती अजून पूर्ण वाढ न झालेली, निम्फ म्हणतात ती, खसखशीच्या दाण्याएवढी, तीळ वाटणं अगदी साहजिक आहे.

आणि हो, लाईमचा जिवाणू शरीरात जातो तो लाळेबरोबरच.

प्रश्न: मॅडम, मी नाशिकला एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करतोय. लाळ म्हणजे नुसतं वाहन ना? जंतू त्यात बसून आला आणि उतरला. मग लाळेतल्या प्रथिनांच्या मागे शास्त्रज्ञ इतके का लागलेत?

तुझा प्रश्न सगळ्यात आवडला, कारण बहुतेक लोक, मीसुद्धा बरीच वर्षं, असंच समजून चालतात. पण लाळ नुसतं वाहन नाही. लाईमच्या बाबतीत तर जिवाणू लाळेतलं प्रथिन अंगावर घालूनच आपल्यात शिरतो.

थोडं मागून सांगते म्हणजे धागा लागेल. 1975 च्या सुमारास अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या लाईम नावाच्या गावात आणि आजूबाजूला लहान मुलांचे गुडघे सुजायला लागले, एकाच रस्त्यावरच्या घरांमध्ये अनेकांना, आणि तिथल्या आयांनी पाठपुरावा केला म्हणून येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन स्टीअर यांनी तपास सुरू केला. गोचिडीवर संशय होता पण जंतू मिळत नव्हता. 1981 मध्ये मोंटानातल्या रॉकी माउंटन लॅबोरेटरीत विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्कच्या शेल्टर आयलंडवरून आलेल्या गोचिडी कापून बघत होते, ते शोधत होते वेगळंच काहीतरी, आणि त्यांना स्क्रूसारखे पिळदार जिवाणू दिसले. कुठे दिसले? गोचिडीच्या आतड्यात. लाळेत नाही! हे नीट लक्षात ठेव, पुढचं सगळं यावर उभं आहे. जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

म्हणजे उपाशी गोचिडीत जिवाणू आतड्यात पडून असतो. तिथे त्याच्या अंगावर ओस्प-ए नावाचं प्रथिन असतं, त्याने तो आतड्याच्या भिंतीला धरून बसतो. गोचीड चिकटली, गरम रक्त पोटात आलं की जिवाणूला कळतं हवामान बदललं. तो ओस्प-ए कमी करतो आणि ओस्प-सी नावाचं दुसरं प्रथिन बनवायला घेतो, वाढायला लागतो, आतड्याची भिंत ओलांडतो आणि लाळग्रंथीकडे जातो. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून तर सर्वसाधारणपणे 24 तासांच्या आत गोचीड काढली तर लाईमची शक्यता खूप कमी असते. आमच्याकडे गुरांच्या थायलेरियाचंही साधारण असंच आहे, गोचीड चिकटल्यावर तिच्या लाळग्रंथीत परजीवी पक्व व्हायला दोन-तीन दिवस जातात. शेतकरी त्याला गोचीडताप म्हणतात, आणि लाळेचं महत्त्व पहिल्यांदा कळलं ते मला तिथेच, गोठ्यात.

लाळग्रंथीत जिवाणूची गाठ पडते ती साल्प-15 नावाच्या प्रथिनाशी. हे गोचिडीने स्वतःच्या सोयीसाठी बनवलेलं, ते आपल्या रोगाशी लढणाऱ्या टी पेशींवरच्या सीडी-4 नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि त्या पेशी जाग्या होऊ देत नाही. टी पेशी अशा दाबल्या जातात हे येलच्याच एरोल फिक्रिग यांच्या लॅबमधून 2002 मध्ये पुढे आलं. मग 2005 मध्ये त्याच गटाने दाखवलं की जिवाणूच्या अंगावरचं ओस्प-सी बरोबर याच साल्प-15 ला पकडतं. म्हणजे बघ, जिवाणू आपल्या कातडीत उतरतो तेव्हा त्याच्यावर गोचिडीचं प्रथिन गुंडाळलेलं असतं, आणि अँटिबॉडी आली तरी तिला त्याला मारता येत नाही. त्यांनी गोचिडींमध्ये साल्प-15 बनणंच दाबून टाकलं आणि त्या उंदरांना चिकटवल्या, तर जिवाणूला उंदरात जम बसवणं फार अवघड गेलं. जिवाणू तोच, गोचीड तीच, फक्त लाळेतलं एक प्रथिन कमी. तुझ्या 'नुसतं वाहन'चं उत्तर या एका प्रयोगात आहे असं मी मानते. आणखी एक गंमत म्हणजे ज्या गोचिडीत जिवाणू असतो तिच्यात साल्प-15 जास्त बनतं, म्हणजे भाडेकरू घरमालकाकडून जास्तीचं काम करून घेतोय.

हे एकच प्रथिन असतं तर गोष्ट सोपी होती. लाळेत शेकडो प्रथिनं असतात आणि दिवसागणिक मिश्रण बदलत जातं. काही कॉम्प्लिमेंट अडवतात, म्हणजे आपल्या रक्तातली जंतूला भोकं पाडणारी जी यंत्रणा आहे ती. काही उलट्या दिशेनेही उपयोगी पडतात, साल्प-25डी नावाचं एक आहे, ते चाव्याच्या जागी आपल्या पेशींनी सोडलेला ऑक्सिजनचा दाहक मारा शांत करतं आणि त्यामुळे उंदराच्या अंगातला जिवाणू जिवंतपणे गोचिडीत यायला मदत होते. हा उलटा प्रवास महत्त्वाचा आहे कारण लाईमचा जिवाणू अंड्यातून पुढच्या पिढीत जात नाही. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू स्वच्छ असतं, ते पांढऱ्या पायांच्या उंदराला चावतं तेव्हा जिवाणू घेतं, आठ पायांची निम्फ झाल्यावर तो माणसाला देतं. घेताना लाळ, देतानाही लाळ. हरणांना उगाच दोष देतात, हरणांवर मोठ्या गोचिडी पोसल्या जातात हे खरं, पण जिवाणू हरणाकडून मिळत नाही.

अजून वाचायचं असेल तर ऑक्सफर्डच्या पॅट्रिशिया नटॉल यांच्या गटाचं 1980 च्या दशकातलं काम शोध. त्यांनी प्राण्याला विषाणूबरोबर गोचिडीच्या लाळग्रंथीचा अर्क टोचला तर त्या प्राण्यावरच्या कितीतरी जास्त गोचिडींना लागण झाली. लाळ रोग पसरायला मदत करते हा विचार तिथून पक्का होत गेला.

प्रश्न: मी पुण्यात असते, वय 67. मुलगी कनेटिकटला आहे, तिच्या बाळंतपणाला जायचंय, घरामागे जंगलच आहे म्हणते. लहानपणी गावाला गुरांच्या गोचिडींना आम्ही रॉकेल लावायचो नाहीतर उदबत्तीचा चटका द्यायचो की त्या सुटायच्या. माणसाला चिकटली तर तसंच करायचं ना?

आजी, नाही, हे मात्र अजिबात करू नका. माझ्या आजोळीही हेच करायचे, मी स्वतः केलंय. पण आत्ताच वर वाचलंत ना, ती एकाच नळीतून ओढते आणि सोडते. चटका दिला, रॉकेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश लावलं, की ती घाबरून सुटण्याआधी आतलं पाणी जखमेतच सोडू शकते. आणि आपण जे टाळायला धावतोय ते नेमकं तेच आहे. तशी बसून वाट बघण्यात तासही जातात, आणि इथे तासाला किंमत आहे.

बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, भुवया कोरायचा असतो तसला. गोचिडीचं फुगलेलं पोट धरायचं नाही, पोट दाबणं म्हणजे परत तेच. कातडीला अगदी टेकवून तोंडाजवळ पकडायचं आणि सरळ वर, एकसारखा जोर लावून ओढायचं, पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. कातडी तंबूसारखी वर येते, एक-दोन सेकंद वाटतं की येतच नाही, मग सुटते. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघाला नाही तर खणत बसू नका, लाळ बनते ती ग्रंथी त्या तुकड्यात नसते, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. जागा साबणाने किंवा स्पिरिटने पुसा. गोचीड चिकटपट्टीत बंद करून तारीख लिहून ठेवा, नखाने चिरडू नका.

घरामागे जंगल आहे म्हणता तर संध्याकाळी बागेतून आल्यावर सगळ्यांनी अंग बघायचं: गुडघ्याच्या मागे, कंबरेला नाडीखाली, काखेत, बेंबीत, कानामागे, केसांच्या कडेने. दोन तासांच्या आत अंघोळ केली तर न चिकटलेल्या धुऊन जातात. आणि कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये गरमवर दहा मिनिटं, त्याने त्या मरतात, नुसत्या धुण्याने मरतीलच असं नाही. मुलगी गरोदर आहे तर तिला चिकटलेली सापडली की त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना फोन करायला सांगा.

प्रश्न: आम्ही दोडामार्ग भागातले, काजूची बाग आहे. आमच्याकडे माकडताप गोचिडीने होतो. 24 तासांत काढली तर धोका नाही असं एका व्हिडिओत ऐकलं, ते आम्हाला लागू आहे का?

नाही. कृपा करून हे तुमच्या वाडीत सगळ्यांना सांगा. ते 24 तासांचं गणित लाईमच्या जिवाणूचं आहे, त्याला आतड्यातून लाळग्रंथीत यायला वेळ लागतो म्हणून. माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप, हा विषाणूचा आजार आहे, 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे सापडला, 2015 मध्ये गोव्यात सत्तरीत आणि 2016 मध्ये तुमच्या दोडामार्गात रुग्ण आले. गोचीडही वेगळी, हिमाफायसॅलिस, तिकडची ती इक्सोडिस. विषाणूला ते एवढं थांबावं लागतंच असं नाही. अमेरिकेतलाच पोवासान नावाचा विषाणू, हा तुमच्या माकडतापाच्या नात्यातला, उंदरांवरच्या प्रयोगात 15 मिनिटांत लाळेतून उतरलेला आहे. तेव्हा तुमच्याकडे चिकटल्यावर काढण्यापेक्षा चिकटू न देणं महत्त्वाचं: काजू वेचायला जाताना अंगभर कपडे, पँट मोज्यात खोचलेली, आरोग्य केंद्रातून मिळणारं तेल हातापायाला, आणि वाळलेल्या पाल्यावर बसायचं नाही. माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता लगेच कळवायचं. डिसेंबर ते मे हा काळ सांभाळायचा, आणि त्या दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकं नि अंग ठणकणं सुरू झालं तर बागेत गेलो होतो हे डॉक्टरांना सांगायचंच. लाईमची काळजी तुम्ही करू नका, आपल्याकडे त्याची नोंद तुरळक आहे.

प्रश्न: बॉस्टनला असतो. कोविडची लस वर्षात आली, लाईमला का नाही? लाळेविरुद्धच लस काढता येणार नाही का?

लाईमची लस आली होती. 1998 मध्ये लाईमरिक्स नावाने, आणि ती चालायची कशी ते ऐकण्यासारखं आहे. ती ओस्प-ए विरुद्ध होती, म्हणजे तुमच्या रक्तातल्या अँटिबॉडी गोचिडीच्या पोटात जायच्या आणि जिवाणूला तिथे आतड्यातच मारायच्या, तो लाळेपर्यंत पोचायच्या आधी. तीन डोसनंतर साधारण 76 टक्के संरक्षण मिळायचं. मग सांधेदुखीच्या तक्रारी, कोर्टकचेरी, बातम्या, तपासात लसीचा दोष सिद्ध झाला नाही तरी खप पडला आणि 2002 मध्ये कंपनीने ती मागे घेतली. मला याचं अजूनही वाईट वाटतं, चांगली लस भीतीपोटी गेली.

तुमचा दुसरा प्रश्न फार नेमका आहे. 1939 मध्ये विल्यम ट्रेगर यांनी पाहिलं होतं की गिनी पिगला एकदा गोचिडींनी चावून झालं की दुसऱ्या वेळी त्या नीट पोसल्या जात नाहीत, शरीर लाळेला ओळखायला शिकतं. तोच धागा धरून 2021 मध्ये येल आणि पेनसिल्व्हेनियाच्या शास्त्रज्ञांनी गोचिडीच्या लाळेतली 19 प्रथिनं घेऊन एमआरएनए पद्धतीची (कोविडच्या काही लसींसारखी) लस बनवली, त्यात ड्रू वाइसमन होते ज्यांना पुढे 2023 चं नोबेल मिळालं. लस दिलेल्या गिनी पिगना गोचीड चिकटली की ती जागा लगेच लाल व्हायची, गोचिडींना पोटभर रक्त मिळेना, त्या लवकर गळायच्या. आणि लाल दिसताक्षणी गोचीड काढली तर त्या गिनी पिगना लाईम झाला नाही. म्हणजे लसीने जिवाणूला हातही लावला नाही, फक्त लाळेचं गुपित फोडलं. हे गिनी पिगमधलं आहे, माणसांचं अजून नाही.

पण माणसांमधला एक दुवा आहे. ऱ्होड आयलंडजवळच्या ब्लॉक आयलंडवरच्या लोकांचा अभ्यास 2005 मध्ये छापून आला, त्यात गोचीड चावल्यावर ज्यांना वारंवार खाज सुटायची त्यांना लाईम कमी वेळा झालेला दिसला. खाज आली की हात जातो, हात गेला की गोचीड सापडते. शिवाय खाज म्हणजे त्या शरीराने लाळ ओळखली आहे.

प्रश्न: परत एडिसनहूनच: घरात लॅब्रॅडॉर आहे. त्याच्यामुळे गोचिडी घरात येतात का? त्याला काय करू?

येतात, केसांत न चिकटलेल्या फिरत असतात आणि सोफ्यावर उतरतात. कुत्र्याला लाईमची लस तिकडे मिळते, माणसाला नसली तरी, तुमच्या व्हेटला विचारा. महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या चघळायच्या गोळ्या असतात त्यांनी गोचीड मरते पण चावल्यावर मरते, म्हणून गोळी दिली तरी रोज हात फिरवायचाच. कानाच्या घडीत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या बुडाशी, आणि पायाच्या बोटांच्या मधे, तिथे सगळ्यात जास्त राहून जातात. बोटाला चण्याच्या डाळीसारखं काही लागलं की केस बाजूला करून बघा, पाय दिसले तर चिमटा.